ओवाळून टाकलेलं

१

विजयमालाचा शनिवार भाकरीने सुरू व्हायचा आणि रविवार खुर्च्यांनी संपायचा. मधल्या वेळात चादरी, उशांचे अभ्रे, मोरीत अडकलेले केस, शेकोटीची राख आणि "काकू, वायफाय चालत नाहीये" ही तक्रार. वायफायमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. ती "व्हय, बघते" म्हणायची आणि बघायची नाही. पाहुणे तेवढ्यावरही खूश असत. पुण्याहून दोन-अडीच तास गाडी हाकत आलेल्या माणसाला खूश करायला फार काही लागत नाही, हे तिला पहिल्या महिन्यातच उमगलं होतं.

जागा पारनेर तालुक्यातली. पाझर तलावाच्या काठाला उघडा माळ, माळावर ओळीने लाकडी केबिनी. प्रत्येकीला त्रिकोणी छप्पर आणि पुढे बसायला छोटासा ओटा. मध्यभागी शेकोटीचा खड्डा, खड्ड्याभोवती घडीच्या खुर्च्या. लाकडी दांडे आणि खाकी कापडाची बैठक, अशा. फाटकाशी एक लिंबाचं झाड आणि 'माळघर' अशी पाटी. मालक हर्षल, पुण्याचा, तिशीतला, बोलायला गोड. त्याला माळाचं वेड होतं, म्हणजे शनिवार-रविवारपुरतं. बाकीचे दिवस माळ विजयमाला आणि तिचा नवरा कल्याण यांच्या गळ्यात.

ती दोघं मूळची पाथर्डीकडची, तिसगावच्या अलीकडची. अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. दिवाळीच्या सुमाराला निघायचं, कारखान्याच्या फडाशेजारी पाचटाची कोपी उभी करायची आणि उन्हाळा लागला की मोडून परत यायचं. कल्याणच्या मणक्याने हात टेकले तेव्हा कोयता सुटला आणि कुणाच्या तरी ओळखीने हे काम मिळालं. पहिल्यांदा केबिन आतून पाहून कल्याण म्हणाला होता, "ही तर आपली कोपीच की गं. नुसतं पाचटाच्या जागी लाकूड."

"आन् यात मानसं हौसेनं येऊन ऱ्हातेत?" विजयमालाने विचारलं होतं.

दोघं पोट धरधरून हसली होती तेव्हा. हल्ली हसणं कमी झालं होतं. भांडण नव्हतं काही. दमायला व्हायचं, एवढंच.

२

भाकरतुकड्याचं खूळ हर्षलच्या डोक्यात शिरलं त्याला कारण विजयमालाची लेक. सुकन्या लग्नानंतर पहिल्यांदा आई-बापाला भेटायला इथे आली, तेव्हा विजयमालाने तिला फाटकातच थांबवलं. भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन लेक-जावयावरून उतरवलं, तुकडा लांब फेकला, पायांवर पाणी घातलं आणि मग आत घेतलं. लांबून आलेल्या माणसाला असंच आत घेतात. वाटेत काही मागे लागलं असलं तर ते तुकडा घेऊन तिथूनच फिरतं. घरोघर करतात, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

हर्षल मात्र हरखून गेला. "काकू, हे प्रत्येक गेस्टसाठी करायचं! याला म्हणतात वेलकम!"

"आवो, ते घरच्या मानसाला करत्यात."

"गेस्ट म्हणजे घरचीच माणसं की."

पगार देणाऱ्याचं घर केवढंही मोठं असू शकतं.

अडचण एकच होती. तुकडा हद्दीच्या बाहेर टाकायचा, ही तिच्या सासूची शिकवण. हर्षलने ते ऐकून घेतलं आणि मोबाईल डोळ्यांपुढे धरून म्हणाला, "बाहेर रस्ता आहे काकू, कचरा दिसतो. इकडे आत फेका ना, लिंबाकडे. मागे तलाव येतो, व्हिडिओ मस्त निघतो."

संध्याकाळी तिने कल्याणला सांगितलं. तो पाठीला पट्टा बांधून पडला होता. "त्येंची पीडा त्येंच्यासंगं माघारी जाईल," तो म्हणाला. "आपल्याला काय करायचंय?"

तिलाही वाद घालायचं त्राण नव्हतं. मग तेच सुरू झालं. दर शनिवारी दुपारी गाड्या यायच्या, माणसं उतरायची. डोळ्यांखाली काळं, मान आखडलेली, हातातला फोन सुटत नाही अशी. विजयमाला त्यांना फाटकात उभं करून तुकडा उतरवायची आणि आत लिंबाकडे भिरकावून द्यायची. कुणी हसायचं, कुणी भक्तिभावाने डोळे मिटायचं, कुणी म्हणायचं, "काकू परत एकदा, रेकॉर्ड नाही झालं." माळावर राहणारी एक भुरी कुत्री होती. ती तुकडे खायची.

आणि रविवारी निघताना प्रत्येक जण एकच बोलायचा. "काकू, काय हलकं वाटतंय हो!" इंटरनेटवरही लोक तेच लिहितात, असं हर्षल सांगायचा. हलकं वाटलं. सगळा भार उतरला. विजयमाला ओल्या चादरींचं गाठोडं पोटाशी धरून ते ऐकायची आणि मनात म्हणायची, तुमचं बरं हाय बाबा.

३

पाहुणे गेले की खुर्च्या मिटून पत्र्याच्या खोलीत ठेवायच्या. नाहीतर उन्हाने कापड विटतं, असं हर्षलचं म्हणणं. सोपं काम होतं. बैठकीच्या मधोमध हात घालून वर ओढलं की कट्ट करून खुर्ची मिटायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी एक खुर्ची मिटली नाही.

विजयमालाने परत ओढलं. जागची हलली नाही. बिजागरीत खडा अडकला असेल म्हणून तिने वाकून पाहिलं. खडा नव्हता. पायाने दाब देऊन पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की कापडाला झोळ पडला आहे. बाकीच्या रिकाम्या खुर्च्यांचं कापड ताणलेलं, सरळ. हिचं मात्र मधोमध खाली दबलेलं, आणि तिने हात काढून घेतला तरी तसंच दबलेलं.

कापड ढिलं झालं, तिने स्वतःला सांगितलं. कुणीतरी जाडजूड बसलं असेल. कालच्या पाहुण्यांत एक होतेच, ओट्याच्या पायऱ्या चढताना कठड्याला धरून श्वास घेणारे.

कल्याण तेलाची बाटली घेऊन आला, सांध्यांना तेल सोडलं, दोन शिव्या दिल्या. खुर्चीने दाद दिली नाही. "ऱ्हाऊ दे हितंच," तो म्हणाला. "दव पडायलंय, लाकूड फुगलंय."

लाकूड फुगतं हे खरं. केबिनींची दारंही पावसाळ्यात फुगायची. पण आता हवा कोरडी ठणठणीत होती, आणि तिच्या टाचांच्या भेगा त्याला साक्षीला होत्या. पुढच्या शनिवारी तिने बिचकत हात लावला, तर खुर्ची कट्ट करून मिटली. तिला स्वतःच्या भित्रेपणाचं हसू आलं.

त्या रविवारी दोन मिटल्या नाहीत.

४

थंडी वाढत गेली तसे पाहुणे वाढले. तलावावर सकाळी धुकं धरायचं, पुणेकरांना त्याचं फार कौतुक. विजयमालाच्या परातीत रोज जास्त पीठ पडायला लागलं. तुकडेही जास्त.

भुरी कुत्री ते खाईनाशी झाली. तुकडा लिंबाखाली पडायचा, ती उठून यायची, थोडं अंतर ठेवून थांबायची आणि शेपूट घालून परत जायची. नंतर तर ती फाटकाच्या आत यायचीच बंद झाली. रस्त्यापलीकडे बसून आत बघत राहायची. पण सोमवारी झाडायला गेलं तर लिंबाखाली एकही तुकडा नसायचा. कावळे नेत असतील. माळावर उंदीरही कमी नव्हते. विजयमालाच्या मनाला कारणं पुरवायची सवय लागली होती, आणि एक कारण जुनं झालं की ती दुसरं काढायची.

खुर्च्यांचं कारण मात्र तिला जमेना. ती रविवारी मिटतील तेवढ्या उचलायची आणि न मिटणाऱ्या, शेकोटीकडे तोंड करून गोल होत्या तशाच, सोडून द्यायची. सोमवारी दुपारी पाहावं तर त्या खुर्च्यांची तोंडं फिरलेली असायची. शेकोटीकडे पाठ आणि फाटकाकडे तोंड. सगळ्या, एकजात. सुपा फाट्यावर एसटीची वाट बघत बसलेली माणसं कशी रस्त्याकडे तोंड करून बसतात, तशा.

"तुमी फिरवल्या का वो खुर्च्या?"

"मला दुसरे उद्योग न्हाईत का?"

कल्याण चिडला, कारण त्यालाही दिसलं होतं. तो तरातरा गेला आणि एका खुर्चीला दोन्ही हातांनी धरून उचलायला लागला. विजयमालाने त्याला पूर्वी मोळ्या उचलताना पाहिलेलं होतं. डोक्यावर हिरव्या उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा गडी तो. मानेच्या शिरा कशा तटतटतात, कमरेतून कसा झोक देतो, सगळं तिला पाठ होतं. तसाच्या तसा झोक त्याने त्या घडीच्या खुर्चीला दिला. खुर्ची वीतभर उचलली गेली आणि धप्पकन खाली बसली.

कल्याण पाठ धरून उभा राहिला. त्याच्या कपाळाला भर थंडीत घाम होता.

"पोतं हाय का काय," तो पुटपुटला. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "हर्षलशेठला सांगू नगंस. येडे ठरवतील, आन् काम जाईल."

काम गेलं तर कुठे जायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिसगावकडच्या घरात दीर राहायचा, चार लेकरांसह. पाण्याला टँकर. आणि कोयता आता या पाठीला पेलणारा नव्हता. विजयमाला परातीपाशी परत गेली.

तिला स्वतःलाही जड वाटायला लागलं होतं. आजारी म्हणावं तर ताप नाही, खोकला नाही. फक्त फडावर शेवटच्या गाडीच्या वेळी पाय जसे मातीत रुतल्यासारखे व्हायचे, तसे आता सकाळी अंथरुणातच होत.

५

सुकन्याला मुलगी झाली. फोनवर जावयाचा आवाज फुटत होता, आणि मागून बाळाचा टाहो इतका खणखणीत की विजयमालाने फोन कानापासून लांब धरून तो कल्याणला ऐकवला. दोघं कितीतरी दिवसांनी हसली.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथेच. दवाखाना शिरूरचा, आणि तिथून सव्वा महिन्यासाठी आईकडे. हे विजयमालाने लेकीच्या लग्नातच ठरवून टाकलं होतं. त्यालाही कारण होतं. स्वतः सुकन्या जन्मली ती फडावर, कोपीत. विजयमाला आठवड्याभरात उठून उसाच्या शेंड्यांची वाढं बांधायला लागली होती. लेकरू पाचटावर झोळीत, आणि आई उसात. लेकीला मांडीवर घेऊन निवांत बसलो, असा एकही दिवस तिला आठवत नव्हता. ती भूक तिच्या पोटात बावीस वर्षं तशीच राहिली होती. नातीला ती मांडीवरून खाली ठेवणार नव्हती. कुणी काहीही म्हणो.

तिने डिंक, खारीक, अळीव आणून ठेवलं. कल्याणने केबिनींच्या कडेला असलेल्या त्यांच्या खोलीत आढ्याला दोरी बांधली आणि जुन्या मऊ लुगड्याची झोळी टांगली. एक झोका देऊन बघितला. कर्रकर्र वाजला, पण छान झुलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी विजयमाला धुणं वाळत घालायला बाहेर आली आणि तिच्या हातातला पिळा खाली पडला.

खुर्च्या फाटकाकडे बघत नव्हत्या. त्यांची तोंडं तिच्या खोलीच्या दाराकडे होती. सगळ्यांची. दाराच्या सरळ रेषेत, उघड्या दारातून आतली झोळी दिसेल अशी. आणि प्रत्येक खुर्चीचं कापड खाली दबलेलं होतं.

माळावर वारा होता. तारेवरच्या चादरी फडफडत होत्या. खुर्च्यांचं कापड हलत नव्हतं.

ती मागे सरकत खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. भर दुपारी लाईट लावून बसली. येडी झाले मी, ती म्हणाली, दमल्यानं मानसाला दिसतंय काहीबाही. मोठ्याने म्हणून पाहिलं. झोळी किंचित झुलत होती, पण दार जोरात लावलं म्हणून झुलत असेल.

तिने सुकन्याला फोन लावला.

"चार दिवस थांबतीस का गं तितंच? सासूबाईंला म्हनावं..."

"अगं आई, त्यांचा हात फ्रॅक्चर आहे, माहितीये ना तुला? आणि उद्या सोडतायत आम्हाला. काय झालं?"

काय झालं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? खुर्च्या मिटंनात, असं?

"काय न्हाई," विजयमाला म्हणाली. "हितं थंडी लई हाय, म्हनून."

"तू आहेस ना, मग झालं," सुकन्या म्हणाली. लेकीच्या आवाजात इतका विसावा होता की विजयमालाला रडू कोसळलं. तिने फोन ठेवला आणि भांडी घासायला बसली.

हर्षलला तिने एवढंच सांगितलं, की भाकरतुकडा आता बंद. लेक बाळंतीण आहे, विटाळ आहे. हे कारण शहरातल्या माणसापुढे चालतं; त्याला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तो वाद घालत नाही. पण बंद करून जे आधीच आत टाकलं होतं त्याचं काय, हे तिला विचारायला सासू जिवंत नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी ऊन उतरत असताना जावयाची गाडी फाटकाशी थांबली.

विजयमाला आधीपासूनच तिथे उभी होती. तिने सकाळपासून ठरवून ठेवलं होतं. तुकडा उतरवायचा आणि ताकद लावून बाहेर फेकायचा, रस्त्याच्या पार पलीकडे, जिथे भुरी बसते तिथे. मागे वळून बघायचं नाही. लेकीला घेऊन थेट खोलीत.

सुकन्या उतरली. कान बांधलेले, चेहरा फिका, आणि हातांत दुपट्यात गुंडाळलेलं एवढंसं गाठोडं. गाठोड्यातून एक लालबुंद मूठ बाहेर आलेली.

"थांब तितंच. फाटकात थांब."

तिने तुकडा उतरवायला सुरुवात केली. डोक्यावरून पायापर्यंत, लेकीवरून आणि नातीवरून. कल्याण मागे, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा होता; जावई त्या देऊन फाटकातूनच गाडी घेऊन कामावर गेला होता. माळावर पाहुणे नव्हते, मधला वार होता. सगळं शांत होतं, म्हणूनच तिला तो आवाज आला.

टप्.

ताणलेल्या कापडाचा आवाज. अंगावरचं वजन निघालं की खुर्चीचं कापड जसं वर येतं, तसा. तिने बघायचं नाही ठरवलं होतं आणि बघितलं. शेकोटीजवळच्या पहिल्या खुर्चीचं कापड सरळ झालं होतं. तिच्यादेखत शेजारच्या खुर्चीचं झालं. टप्. मग तिच्या शेजारच्या. टप्, टप्. ओळीने सगळ्या खुर्च्यांची कापडं वर आली आणि सगळ्या खुर्च्या मोकळ्या झाल्या.

माळावरचं वाळकं गवत शेकोटीपासून फाटकाच्या दिशेने दबत यायला लागलं. घाई नव्हती. दमलेली माणसं पंगतीला उठून येतात, तसं सावकाश.

रस्त्यापलीकडून भुरीने एकदाच केकाटून धूम ठोकली.

विजयमालाचा हात हवेत थांबला. तुकडा बाहेर फेकायचा. पण बाहेर आणि तिच्यामध्ये सुकन्या उभी होती, लेकराला घेऊन. ते सगळे तुकड्यामागे जाणार. जाणार ते सुकन्याच्या अंगावरून. आत फेकायचा, तर ते आतच राहणार, त्या झोळीसमोर, दाराकडे तोंड करून, सव्वा महिना. गवत आता लिंबाशी दबत होतं. तिच्या तोंडावर गार वाफ आल्यासारखी वाटली, आणि तिला वास आला. बंद गाडीचा, शिळ्या कॉफीचा, न झोपलेल्या माणसांचा. शनिवारी फाटकात उतरणाऱ्या सगळ्या पाहुण्यांचा वास.

बाळाने डोळे उघडले.

विजयमालाने तो तुकडा स्वतःच्या तोंडात घातला.

"आई!" सुकन्या किंचाळली. "अगं ओवाळलेला आहे तो! थुंक आधी!"

विजयमाला चावत राहिली. भाकरी सकाळचीच होती, पण घशाखाली उतरेना. तिने तांब्यातलं पाणी तोंडात ओतलं आणि गिळलं. गवत तिच्या पावलांशी येऊन थांबलं होतं. मग उभं राहिलं.

"ये आता," ती लेकीला म्हणाली. "सावकाश ये. काय न्हाई."

७

त्या संध्याकाळी कल्याणने खुर्च्या मिटल्या. कट्ट, कट्ट, कट्ट. एकीनेही त्रास दिला नाही. त्याने एका हातात दोन-दोन धरून नेल्या आणि पत्र्याच्या खोलीत रचून ठेवल्या. येताना तो कुठलंसं जुनं गाणं गुणगुणत होता.

"आगं, पिसावानी हलक्या झाल्यात," तो म्हणाला. "म्हनलं न्हवतं, लाकूड फुगलं व्हतं?"

विजयमाला खोलीबाहेरच्या ओट्यावर बसली होती. फाटकापासून इथवर आली आणि बसली ती बसलीच. आत झोळी कर्रकर्र झुलत होती. सुकन्या बाळाशी काहीतरी बोलत होती, बायका लेकरांशी बोलतात तसल्या बिनअर्थाच्या गोड आवाजात. खोलीत लाईट होता. सगळं कसं तिने बावीस वर्षं मनात मांडलं होतं तसं होतं.

"चल, चहा टाक," कल्याण म्हणाला.

"उठवंना."

"दमलीस. दे हात." त्याने तिचा हात धरला आणि ओढला. मग दोन्ही हात धरले. मग पाय रोवून, कमरेतून झोक देऊन ओढलं. विजयमाला त्याच्या मानेच्या शिरांकडे बघत होती. तिचं अंग तसूभरही वर आलं नाही. कल्याणने हळूच तिचे हात सोडले. गुणगुणणं थांबलं. तो आत जाऊन चहा टाकायला लागला आणि त्याच्या हातून साखरेचा डबा सांडला.

सुकन्या बाळाला घेऊन दारात आली. गरम पाण्याने तोंड धुऊन जरा तरतरीत झाली होती.

"आई, आल्यापासून बघतीये, तू हिला हात पण नाही लावलास." ती हसत म्हणाली, पण तिचा ओठ थरथरला. "मुलगी झाली म्हणून तर नाही ना?"

"येडी का खुळी तू," विजयमाला म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात उचलत नव्हता. "लई वाट बघितली हिची. तुला न्हाई कळायचं, किती."

"मग घे ना. धर, मांडीवर देते."

सुकन्या वाकली. बाळाची मूठ विजयमालाला जवळ आलेली दिसली, नखंसुद्धा दिसली. विजयमालाने आयुष्यात कधी कशाला इतकं मनापासून हो म्हटलं नसतं.

"नगं देऊ," ती म्हणाली. "मांडीवर जागा न्हाई गं."

सुकन्याने आईच्या मांडीकडे पाहिलं. साडी दोन्ही मांड्यांच्या मध्ये खोल दबली होती, काठ ताणले जातील इतकी, आणि एका बाजूने आणखी थोडी दबली, कुणी सरकून शेजारच्याला जागा करून दिल्यासारखी.

सुकन्याने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि एकेक पाऊल मागे टाकत ती आत गेली. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, तेव्हा विजयमालाला बरं वाटलं.